निरीक्षण विहीर क्रमांक सात

आधी पाणी फेकावं लागतं.
नळीत साचलेलं, जुनं, हवा खाल्लेलं,
तिप्पट मोजून काढायचं.
मग वर येतं ते खरं.
हे मला प्रशिक्षणात शिकवलं
एका साहेबानं, एसीत.
इथं चुनखदान वस्तीत, मे महिन्यात,
उपसताना इस्तारीचा दुपट्टा दोनदा भिजून दोनदा वाळतो
आणि पेटीतला बर्फ दहा वाजताच हात टेकतो.

फेकायचं कुठं, तेही नियमात आहे:
निळ्या पिंपात, झाकण लावून.
कारण पाणी पिवळं आहे.
लग्नघरी हळदीचे हात धुतल्यावर बादलीत उरतं, तसं.
नवख्या माणसाला सुंदर वाटतं.

क्रोमचा कारखाना बंद झाला तेव्हा मी दहावीत होतो.
मालक गेला, पत्रे गेले,
गेटसुद्धा एका रात्री भंगारात गेलं.
हौद तेवढा राहिला
आणि हौदाखालची भेग.
भेगेला टाळेबंदी नव्हती.

मग योजनेचा बोर्ड लागला.
बोर्डाचा रंग उडाला.
मग योजना आली.
हापसे लाल रंगवले, दांडे काढून नेले,
टँकर मंगळवारी आणि शुक्रवारी,
शुक्रवारचा कधी शनिवारी.
माती खणली दोन मीटर.
पंचफुला लोणारेच्या अंगणातलीही,
कढीपत्त्याच्या झाडासकट,
नवऱ्यानं बसवलेल्या धुण्याच्या दगडासकट.

दर ट्रकमागे सात प्रतींची पावती:
पांढरी, पिवळी, गुलाबी, नारिंगी,
हिरवी, निळी, राखाडी.
माती कुठून निघाली, कोणी भरली,
कोणी नेली, कुठं पुरली.
ती ट्रकच्या चाकाशी उभी होती.
"मातीले सात कागद?
अन् मी चाळीस वर्सांपासून रायते इथं,
मले एक पट्टा नाही भेटला."

मी पावतीवरची बोटाची शाई पुसत राहिलो.
ड्रायव्हरनं गाडी चालू केली.

बाटलीच्या लेबलवर लिहायचं असतं
निवि-७, तारीख, वेळ, सही. बस.
त्या तिमाहीत मी लिहिलं
निवि-७, पंचफुला लोणारे यांचे अंगण.
का लिहिलं, सांगता येत नाही.
ऊन होतं.

प्रयोगशाळेला नावाशी काय घेणं.
चोवीस दिवसांनी अहवाल आला,
गोल शिक्का, तिरपी सही:
नमुन्याचे ठिकाण, पंचफुला लोनारे यांचे अंगण,
चुनखदान, नागपूर.
क्रोमियम ०.३१. मर्यादा ०.०५.
मागच्या वर्षी ०.९० होतं, मी तिला म्हटलं, उतरतंय.
"उतरू दे," ती म्हणाली,
"पन हे माहं नाव हाये ना? अन् हे अंगण?"

झेरॉक्स मागितली. मी द्यायला नको होती.
दिली.

पुढच्या खेपेला पाहिलं
तर अहवाल भिंतीवर, लॅमिनेशन करून,
नव्या कॅलेंडरच्या वर.
आजूबाजूच्या तीन घरांनी मला चहा पाजला
आणि आपापली अंगणं दाखवली.
आमच्या इथलं नाही का घेत पाणी?
आमच्याकडचंही खराबच हाये, सायेब.

"खाली काय लिहिलंय, वाचलं का, पंचफुलाबाई?
पिण्यास अयोग्य."
"नातीनं वाचून दाखवलं.
राहू द्या. खोटं थोडी हाये."

इस्तारीनं नळी सोडली.
एक पिंप भरलं, दुसऱ्याचं झाकण निघालं.
पाणी पिवळंच, पण मागच्यापेक्षा फिकं,
की मला तसं वाटलं.
ती खुर्ची घेऊन सावलीत बसली,
खरं पाणी येईपर्यंत.

मी लेबल काढलं, पेन झटकलं.

"नाव नीट लिवजा," ती म्हणाली.
"मागच्या कागदावर लोणारेतला ण चुकला.
सर्व्हेवाला म्हन्ते,
एका अक्षरानं मानूस बाद होते."